बट्टा: हाली शिक्क्यापासून एटीएमपर्यंत

जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस बट्ट्यावर काय बोलणार, असं तुम्हाला वाटेल. पण शब्दच बघा ना. नावाला लागतो तोही बट्टा, आणि पैसे बदलताना कापला जातो तोही बट्टाच.

परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात. इथं हाली शिक्का चालायचा. रेल्वेनं मनमाडला उतरलं की इंग्रजी मुलूख, तिथं कलदार. सरकारी दर शंभर कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, म्हणजे सहाला सात. हा बट्टा नव्हे. हा दोन नाण्यांच्या किमतीतला फरक. सराफ आपली बदलाई घ्यायचा ती याच्यावर. माझे आजोबा मुंबईला निघाले की आधी सराफाकडे जायचे. कुरकुर करायचे, पण म्हणायचे, नाणं बदलून देतोय, त्याचं काहीतरी द्यावंच लागतं.

१९४८ मध्ये संस्थान भारतात आलं, पुढच्या दशकात हाली गेला. एक देश, एक रुपया. मग बट्टा संपायला हवा होता की नाही?

आता एटीएमचं बघा. कार्ड एका बँकेचं, यंत्र दुसरीचं. रोकड काढली की आपली बँक यंत्रवाल्या बँकेला १९ रुपये देते. २००९ च्या एप्रिलमध्ये रिझर्व्ह बँकेनं हे ग्राहकाला फुकट केलं; ऑक्टोबरातच महिन्याला पाच व्यवहारांची मर्यादा आली. आज महानगरांत तीन, आपल्याकडे पाच. पुढं १ मे २०२५ पासून दर वेळी २३ रुपयांपर्यंत, वर कर. नुसती शिल्लक पाहिली तरी एक व्यवहार मोजतात. हे मी एकदा यंत्रापाशी एका म्हातारीला सांगितलं. निराधारचे पैसे आले का, ते ती दर दोन दिवसांनी बघत होती. "बघायचे बी पैसे?" म्हणाली.

सराफ शेकड्यानं कापायचा, यंत्र नगानं कापतं. दहा हजार काढणाऱ्याला २३ रुपये म्हणजे शेकडा पाव रुपयाही नाही. पाचशे काढणाऱ्याला शेकडा साडेचारच्या वर. आणि पाचशे काढणाराच वारंवार येतो.

युरोपात देश वेगळे, पण युरो एक. तिथं १ जुलै २००२ पासून नियम आहे: दुसऱ्या देशात युरो काढले तरी बँकेनं स्वदेशातल्या तशाच व्यवहाराहून जास्त घ्यायचं नाही. म्हणजे सीमेचा बट्टा गेला, यंत्राचा राहिला. जर्मनीत तर यंत्रवाला आपला आकार स्वतः ठरवतो. यंत्राला भाडं लागतं, वीज लागते, रोकड भरणारी गाडी लागते, हे मला मान्य आहे. पण तो खर्च पाचशेवाल्याकडून इतक्या चढ्या दरानं का काढायचा, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.