पुठ्ठ्याचं यंत्र आणि पत्रकारितेचा वर्ग

पीएचडीचा विषय सांगितला की पहिला प्रश्न ठरलेला: पत्रकारिता शिकवताना डिझाइनचं काय काम? त्यासाठी थोडं मागे जाऊ.

१९९४ साली अमेरिकेत नाइट-रिडर या वृत्तपत्र कंपनीच्या प्रयोगशाळेने टॅब्लेटवरच्या वर्तमानपत्राचा व्हिडिओ केला. कल्पना रॉजर फिडलर यांची. हातात होता नुसता नमुना. आयपॅड यायला २०१० उजाडलं. भाकीत खरं ठरलं याचं मला फारसं कौतुक नाही (प्रयोगशाळा १९९५ मध्येच बंद पडली). पण पान कसं उलटायचं, जाहिरात कुठे बसवायची, हे यंत्राच्या आधी विचारता आलं.

आपल्याकडे उलटं झालं. डीटीपी आलं तेव्हा प्रत्येक सॉफ्टवेअरचे मराठी फाँट वेगळे आणि अक्षरामागचे संकेतांकही वेगळे. इस्की हे भारतीय मानक १९९१ मध्ये आलं, तरी हा गोंधळ चालूच राहिला. छापील पान देखणं यायचं, मग तक्रार कोण करणार? वर्तमानपत्रं इंटरनेटवर गेली तेव्हा खरी अडचण कळली. त्यांचा फाँट उतरवून घेतल्याशिवाय बातमी वाचता येईना, आणि शोधता तर नाहीच नाही. आयआयटी मुंबईच्या आयडीसीत शिकवलेले र. कृ. जोशी यांनी घडवलेला मंगल हा युनिकोड फाँट विंडोज २००० बरोबर आला, पण आधीचा मजकूर जुन्याच संकेतांकांत अडकलेला. 'ही बातमी वीस वर्षांनी कशी सापडेल?' हा पत्रकारितेचा प्रश्न आपण छपाईचा समजलो, असं माझं मत.

आता तीच वेळ बोलणं ऐकून मजकूर लिहिणाऱ्या एआयची आहे. वसईत कादोडी, वाडवळी बोलणारी माणसं आहेत. समजा, उमेळ्यात मुलाखत घ्यायची आहे. टेबलावर पुठ्ठ्याचं खोकं, पडद्याआड टाइप करणारा विद्यार्थी. या पद्धतीला 'विझर्ड ऑफ ऑझ' म्हणतात. त्याला सूचना एकच: अनोळखी शब्द आला की जवळचा प्रमाण मराठी शब्द टाक. मग तो मजकूर बोलणाऱ्यालाच वाचून दाखवायचा.

विज्ञानाच्या माणसाला लगेच पडणारा प्रश्न: यात मोजायचं काय? खोक्याच्या चुका नाहीत, त्या आपणच घातल्यात. वार्ताहर यंत्राला कुठे थांबवतो, अवतरणचिन्हात कोणाचे शब्द ठेवतो आणि मूळ रेकॉर्डिंग मागतो का, हे टिपायचं. आणि पडद्यामागे माणूस होता, हे मुलाखत देणाऱ्याला त्याच दिवशी सांगायचं. त्यानंतर त्याने नकार दिला तर ती नोंद वापरायची नाही.