रताळे-भात आणि मधुमेह



एकादशी आली की नाशिकच्या बाजारात रताळ्यांचे ढीग लागतात. हा कंद मूळचा अमेरिकेतला. आपल्याकडे तो पोर्तुगीजांनी आणला. जपानच्या ओकिनावा बेटावर तो १६०५ मध्ये चीनमधून पोहोचला. १७३२ च्या दुष्काळात जपानमध्ये भातपीक बुडाले, पण रताळी पिकवणारे भाग तगले. म्हणून १७३५ मध्ये आओकी कोन्यो या विद्वानाने एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, रताळ्याच्या लागवडीचे प्रयोग केले. तांदूळ पुरवून वापरण्यासाठी गरीब घरांत भातातच रताळ्याच्या फोडी शिजवत.

घरी करायचा तर इगतपुरीचा इंद्रायणी घ्या. तोही जपानी तांदळासारखा चिकटसर होतो. तांदूळ अर्धा तास भिजवा, सालासकट फोडी व मीठ घालून शिजवा.

मधुमेहींनी मात्र इतिहास विसरू नये. रताळे तांदळाच्या बदल्यात होते, भातासोबतची भाजी म्हणून नव्हे. १०० ग्रॅम रताळ्यात साधारण २० ग्रॅम कर्बोदके असतात. तेवढीच २५ ग्रॅम कच्च्या तांदळात. तेव्हा १०० ग्रॅम रताळे घातले, तर २५ ग्रॅम तांदूळ कमी करा. ‘उपवासाचे आहे, चालते’ म्हणत साखर वाढवून आलेले रुग्ण मी नेहमी पाहतो.