‘पाश्चात्त्य कान’ नावाचा आक्षेप

पाश्चात्त्य संगीतात मुरलेल्याला आपलं गाणं येणार नाही, असं गिरगाव-दादरची जाणकार मंडळीही ठामपणे सांगतात. कारणं दोन. पियानोच्या बांधीव स्वरांवर घडलेल्या कानाला श्रुती सापडत नाहीत. आणि कागद बघून वाजवायची सवय लागली की उपज खुंटते.

पहिलं कारण आपल्यावरच उलटतं. आपल्या पेटीचे स्वरही बांधीवच. १९४० साली ऑल इंडिया रेडिओनं तिच्यावर बंदी घातली, ती १९७१पर्यंत सैल झाली नाही. पण चाळीतली पेटी आणि नाटकातला ऑर्गन वाजतच राहिले. त्याच पेटीवर पलटे घोटलेल्यांतून उत्तम गवई निघाले, कारण कान घडवला तो तंबोऱ्यानं आणि गुरूच्या गळ्यानं. मग पियानोनंच तो कायमचा बिघडावा, हे कसं? व्हायोलिनला तर पडदेच नसतात. तिकडचा वादकही स्वराची जागा कानानंच शोधतो.

कागदाचं म्हणाल, तर पलुस्करांनी आणि भातखंड्यांनी स्वरलिपी मुद्दाम घडवल्या. क्रमिक पुस्तकावरून बंदिश बसवणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याची उपज खुंटली, असं कुणी म्हणत नाही.

अडचण आहे, पण ती निराळी. मारवा, पुरिया, सोहनी: तिन्हींत रिषभ कोमल, मध्यम तीव्र, पंचम वर्ज्य. नुसते स्वर मोजणाऱ्याला तिन्ही एकच वाटतील. मारवा रिषभ-धैवतावर उभा राहतो आणि षड्जाला लांब ठेवतो. पुरिया गंधार-निषादाच्या आधारानं मंद्रात रमतो. सोहनीचा जीव तार षड्जापाशी. हे चलन अंगात मुरायला ऐकणं लागतं, तालीम लागते, वर्षं लागतात. परळमध्ये जन्मलेल्या मुलालाही त्यातून सुटका नाही.

१९३४ साली युरोपातून मुंबईत आलेल्या वॉल्टर कॉफमन या संगीतकाराला इथल्या रेकॉर्डी आधी अगदी परक्या वाटल्या. दोष आपल्या ऐकण्याचा आहे असं धरून तो ऐकत राहिला. पुढं मुंबई रेडिओवर त्यानं अनेक वर्षं काम केलं. रेडिओची ती ओळखीची धून त्याच्याच नावावर आहे. १९६८ साली त्याचा उत्तरेकडच्या रागांवरचा ग्रंथ आला. ‘शास्त्र लिहिलं, गायला कुठे?’ हा प्रश्न रास्त आहे. पण योप बोर हा डच माणूस पंडित रामनारायण यांच्याकडे सारंगी शिकला, आणि सारंगीवरचा त्याचा मोठा अभ्यास नरिमन पॉइंटच्या एनसीपीएच्या त्रैमासिकातच छापला गेला. वाद्य हातात धरल्याशिवाय तसा अभ्यास होत नाही.

आणि दोन्हीकडचं शिकलेला माणूस गिरगावातच होता. १९२५ साली संगीत विद्यालय काढणारे प्रा. बी. आर. देवधर स्क्रिंझी या युरोपीय शिक्षकाकडे पाश्चात्त्य संगीत शिकले होते. त्यानं त्यांचा कान बिघडला असता, तर लहानग्या कुमार गंधर्वांना त्यांच्या हाती कुणी सोपवलं असतं?