वाफेपासून पेट्रोलपर्यंत : यवतमाळ जिल्ह्यातील इंजिनबांधणी

यवतमाळ जिल्ह्यात इंजिन आले ते कापसामुळे. अमेरिकेतील यादवी युद्धाने (१८६१–६५) लँकेशायरच्या गिरण्यांना होणारा अमेरिकी कापसाचा पुरवठा तुटला आणि वऱ्हाडच्या कापसाला भाव आला. १८६७ मध्ये मुंबईचा लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचला. त्यानंतर सरकी वेगळी करणारे जिन आणि गाठी बांधणारे प्रेस वऱ्हाडात वाफेवर चालू लागले. वऱ्हाडातला हा यवतमाळ जिल्हा तेव्हा ‘वून’ म्हणजे वणी या नावाने ओळखला जाई. १९०५ मध्ये त्याला यवतमाळ हे नाव मिळाले.

वाफेच्या इंजिनात इंधन सिलिंडरच्या बाहेर, बॉयलरच्या भट्टीत जळते. वाफेच्या दाबाने पिस्टन पुढेमागे सरकतो, कनेक्टिंग रॉड ती हालचाल क्रँकला देतो आणि क्रँक तिचे फिरण्यात रूपांतर करतो. पुढे मोटारीच्या इंजिनातही हीच रचना राहिली, म्हणून पिस्टनच्या रिंगा, बेअरिंग आणि व्हॉल्व्ह यांची झीज ओळखण्याचे ज्ञान वाफेच्या काळातच कामी येऊ लागले होते.

या ज्ञानाचे जिल्ह्यातील ठळक उदाहरण म्हणजे ‘शकुंतला’. किलिक निक्सन कंपनीची ही ७६२ मिलिमीटर रुंदीची अरुंदमापी रेल्वे कापूस मूर्तिजापूरला नेण्यासाठी बांधली गेली. यवतमाळहून दारव्हा आणि कारंजामार्गे ती मुख्य लोहमार्गाला मिळे. १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेले झेडडी वर्गाचे वाफेचे इंजिन १९२३ पासून ती ओढत होते. १५ एप्रिल १९९४ रोजी त्याची जागा डिझेल इंजिनाने घेतली. कोणतेही वाफेचे इंजिन सात दशके चालते ते मूळच्या भागांवर नव्हे. बॉयलरच्या नळ्या, रिंगा, बेअरिंग ठरावीक काळाने बदलावी लागतात. इंजिन खोलणे, मोजणे, झिजलेला भाग बदलणे आणि पुन्हा जुळवणे हे चक्र म्हणजेच इंजिनबांधणी.

दुसरा टप्पा ऑइल इंजिनाचा. जर्मनीच्या निकोलाउस ओटोने १८७६ मध्ये चार स्ट्रोकचे इंजिन यशस्वी केले; रुडॉल्फ डिझेलचे इंजिन १८९७ मध्ये चालले. आता इंधन थेट सिलिंडरमध्ये जळू लागले. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली आणि देशी बनावटीची इंजिने महाराष्ट्रभर विहिरींवर, पिठाच्या गिरण्यांत पोचली. लिस्टर कंपनीच्या पद्धतीचे एका सिलिंडरचे इंजिन मिनिटाला सुमारे ६५० फेरे घेई. हँडल मारून सुरू होणारे हे संथ यंत्र इंजिन समजून घेण्यासाठी उत्तम होते. एकच पिस्टन, दोन व्हॉल्व्ह, एक पंप, एक नोझल. बिघाड कशात आहे ते एकेक भाग तपासून ठरवता येई.

तिसरा टप्पा रस्त्यावरच्या वाहनांचा. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११००, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी, बाहेर पडू लागली. महिंद्राची जीप आणि हिंदुस्तान मोटर्सची अँबेसिडर याच पिढीतील. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात आला आणि पुढे येथील सरकारी बससेवाही एसटीत विलीन झाली. एसटीची कार्यशाळा आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांनी मोटार मेकॅनिकच्या कामाला शिस्तबद्ध शिक्षणाची जोड दिली. गॅरेजमध्ये मात्र मिस्त्रीच्या हाताखालीच काम शिकण्याची रीत टिकली.

पद्मिनीच्या इंजिनावरून इंजिनबांधणीचे काम नीट समजते. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ६८ आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची एका दिशेची चाल, ७५ मिलिमीटर. एकूण आकारमान १,०८९ घनसेंटिमीटर. पहिल्या स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आत येते, दुसऱ्यात ते दाबले जाते, तिसऱ्यात ठिणगीने पेटून पिस्टनला ढकलते, चौथ्यात धूर बाहेर जातो. क्रँकच्या दोन फेऱ्यांत हे चक्र पुरे होते. मिनिटाला ३,००० फेरे असतील तर प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा ज्वलन होते.

झीज सगळीकडे सारखी होत नाही. बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली पोकळी, वरच्या टोकाशी जास्त झिजतो, कारण तेथे उष्णता आणि दाब सर्वाधिक आणि तेल सर्वांत कमी. कनेक्टिंग रॉड तिरका असताना पिस्टन एका बाजूला रेटला जातो, त्यामुळे बोअर लंबगोल होतो. कच्च्या रस्त्यावरची बारीक धूळ एअर फिल्टरमधून निसटली तर ती रिंगा घासते. मग कॉम्प्रेशन जाते, गाडी ऑइल खाते आणि निळसर धूर मारते.

असे झिजलेले इंजिन गॅरेजप्रमाणे घरीही बांधता येते. त्यात पहिले काम असते खोलण्याचे. प्रत्येक पिस्टन, बेअरिंग कॅप आणि व्हॉल्व्ह कोणत्या जागेचा, याच्या खुणा करून ठेवाव्या लागतात. बोअर वर, मध्ये, खाली आणि दोन दिशांनी मोजला की काम ठरते. झीज थोडी असेल तर नव्या रिंगा पुरतात. जास्त असेल तर बोअर मोठा करून ओव्हरसाइज पिस्टन बसवतात. ६८ मिलिमीटरचा बोअर अर्ध्या मिलिमीटरने वाढवला तर इंजिनाचे आकारमान सुमारे १६ घनसेंटिमीटरने वाढते. बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंग ही कामे मशीनवरचीच, त्यासाठी ब्लॉक आणि क्रँक वर्कशॉपमध्ये न्यावे लागतात. व्हॉल्व्ह पेस्ट लावून सीटवर घासणे, रिंगेच्या टोकांमधील फट फीलर गेजने पाहणे, टायमिंगच्या खुणा जुळवणे ही कामे घरी होतात. हेडचे बोल्ट मधून कडेकडे, टप्प्याटप्प्याने आवळतात. नाहीतर हेड वाकते आणि गॅस्केट फुटते. चालू केल्यावर सुरुवातीला गाडीवर जास्त भार घालत नाहीत. रिंगा बोअरमध्ये बसल्या की तेल बदलतात.

डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० च्या ७९६ घनसेंटिमीटरच्या तीन सिलिंडरी इंजिनालाही हीच पद्धत लागू पडली. पुढे कार्बोरेटर जाऊन इंधन इंजेक्शन आले, आणि १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ प्रदूषण निकषांनी सेन्सर आणि संगणकावरचे अवलंबित्व आणखी वाढवले. त्यामुळे इंधन आणि ठिणगीचे दोष शोधायला आता स्कॅनर लागतो. मात्र झिजलेला बोअर, ढिल्या रिंगा आणि गळका व्हॉल्व्ह यांवरचा उपाय खोलणे, मोजणे आणि पुन्हा बांधणे हाच राहिला आहे.