मोडशी, पटकी आणि आपला रेसिडेन्सी रोड

आजचा एपिसोड पोटाचा आहे, जेवता जेवता ऐकू नका.

मागच्या जूनमध्ये आमच्या सदरच्या घरी आजीला जुलाब लागले. "काही नाही रे बाप्पा, मोडशी झाली," म्हणाली आणि पाणीच बंद केलं. प्यायलं की पुन्हा जावं लागतं ना! संध्याकाळी डोळे खोल गेले. डॉक्टरांनी पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी. "लघवी कधी झाली?" सकाळपासून झालीच नव्हती. लगेच सलाईन.

बाहेर बाकड्यावर बसून मी मोबाइलवर 'मोडशी' शोधत होतो. 1563 साली गोव्यात छापलेल्या गार्सिया द ओर्ताच्या पुस्तकात तो शब्द 'मोर्शी'सारखा येतो (अमरावतीचं मोर्शी वेगळं). पोर्तुगीजांनी त्याचं 'मोर्देशिम' केलं, फ्रेंचांनी 'मॉर द शियँ', म्हणजे कुत्र्याचं मरण. हीच आपली पटकी, कॉलरा.

आता सदर. नोव्हेंबर 1817 मध्ये सीताबर्डीला आप्पासाहेब भोसल्यांची फौज हरली आणि रेसिडेंट जेन्किन्स इथला खरा धनी झाला. रेसिडेन्सी रोड हे नाव त्या रेसिडेन्सीचं. त्याच महिन्यात बुंदेलखंडात, पेंढाऱ्यांवर निघालेल्या हेस्टिंग्जच्या छावणीत पटकी शिरली, हजारो मेले. जेसोरकडून आलेली ही साथ 1818 मध्ये नागपूर करत ऑगस्टात मुंबईला पोचली.

गोऱ्या डॉक्टरांना वाटे, पित्त बिघडलंय. म्हणून पाऱ्याचं कॅलोमेल, अफूचा अर्क आणि शीर कापून रक्त काढणं. ज्याच्या अंगातलं पाणी संपतंय, त्याचंच रक्त काढायचं! ते इतकं घट्ट झालेलं असे की धड वाहतही नसे.

1831 मध्ये ओशॉनेसीने रक्त तपासून सांगितलं की पाणी आणि क्षार गेलेत. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये लॅटाने शिरेतून मिठाचं पाणी दिलं. पण पुढे कित्येक दशकं कुणी मनावर घेतलं नाही.

1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीसांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा घातलेलं पाणी नातेवाइकांकरवी पाजलं. मृत्यू 30 टक्क्यांच्या आसपास होते, ते 4 टक्क्यांखाली आले. साखर सोबत असली की आतडं मीठ ओढून घेतं आणि मिठामागे पाणी जातं.

आजी तिसऱ्या दिवशी घरी आली. एक लिटर पाण्यात एक पुडी, घोट घोट. तोंड वाकडं करून प्यायली, आणि शेजारणीला म्हणाली, "काही नाही गं, मोडशी होती."