शब्दवेध : अलार्म

‘आल्लार्मे!’ म्हणजे ‘शस्त्रे उचला!’ इटालियन सैनिकांची ही हाक फ्रेंचमार्गे इंग्रजीत जाऊन ‘अलार्म’ झाली. आपण तिला उशाजवळच्या घड्याळात बसवले. दूरसंचारात मात्र मूळ अर्थ अजून जिवंत आहे. टॉवरवरची वीज गेली, यंत्र तापले, की उपकरण कुणी विचारण्याची वाट न पाहता नियंत्रण कक्षाला ‘ट्रॅप’ नावाचा इशारा धाडते. १९८८मध्ये आलेल्या एसएनएमपी या नेटवर्क-देखरेखीच्या प्रोटोकॉलची ही रीत. पहिल्या आवृत्तीत ट्रॅपला पोच नव्हती. निरोप वाटेत हरवला तरी उपकरणाला पत्ता नसे. मला ही उणीव फार गंभीर वाटते. पुढे पोच मागणारा ‘इन्फॉर्म’ आला. तरी फायबर एक तुटते आणि तिच्यावरची कितीतरी उपकरणे एकदम ओरडतात; त्या कोलाहलात मूळ दोष हुडकायला रात्रपाळीचा अनुभवी माणूस अजूनही लागतो.