कलासंयोजन : स्टॅनफर्ड ते खोडद

२५ डिसेंबर २०२१ रोजी अंतराळात सोडलेल्या जेम्स वेब दुर्बिणीचा मुख्य आरसा १८ खंडांचा आहे. प्रारंभी प्रत्येक खंड एकाच ताऱ्याची निराळी प्रतिमा देत होता. ते खंड सूक्ष्म प्रमाणात सरकवून त्यांचा एकच आरसा करण्याचे कार्य एप्रिल २०२२ मध्ये पूर्ण झाले. तथापि, अनेक खंडांनी ग्रहण केलेल्या तरंगांची कला, म्हणजे आवर्तनातील स्थिती, एक करण्याचा हा प्रश्न त्याहून जुना होय. जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीचा इतिहास याच प्रश्नाशी निगडित आहे.

या दुर्बिणीचे जनक गोविंद स्वरूप स्टॅनफर्ड येथे असताना तेथील दुर्बिणीस ३२ तबकड्या होत्या. प्रत्येक तबकडीपासून केंद्रापर्यंतच्या मार्गाची विद्युतीय लांबी जुळविणे हे अत्यंत कष्टाचे काम असे. १९६१ मध्ये स्वरूप व यांग यांनी त्यावर उपाय प्रसिद्ध केला. केंद्रातून संकेत पाठवावयाचा, तबकडीजवळ त्यास ओळखखूण देऊन परत फिरवावयाचा आणि परतलेल्या संकेताची कला मोजावयाची. जाण्या-येण्याचा मार्ग एकच असल्याने त्यातील फरक केंद्रात बसूनच कळू लागला.

पुढे ऑस्ट्रेलियातून आलेल्या ३२ लहान तबकड्या १९६५ मध्ये कल्याण येथे सूर्यनिरीक्षणासाठी उभ्या राहिल्या. १९७० मध्ये उटीची दुर्बीण झाली आणि १९९० च्या दशकात जुन्नर-आंबेगावच्या परिसरात खोडदची. येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यांपैकी १४ मध्यभागी एकवटलेल्या असून उरलेल्या १६ तीन भुजांवर, सुमारे २५ किलोमीटरपर्यंत, विखुरलेल्या आहेत.

खोडदविषयी लिहिताना हलक्या तारजाळीच्या, अल्प खर्चाच्या बांधणीचाच गौरव बहुधा केला जातो. तो यथार्थ आहे. परंतु केवळ तबकड्यांच्या समूहास दुर्बीण म्हणता येत नाही. २१ सेंटिमीटर तरंगलांबीवर मार्गात एका सेंटिमीटरचा फरक पडला तरी कला सुमारे १७ अंशांनी ढळते. शिवाय, आयनांबर प्रत्येक तबकडीवरील तरंगास निराळा विलंब लावते. यास्तव संकेत प्रकाशतंतूंद्वारे केंद्रात आणून ज्ञात रेडिओ उद्गमाचे पुनःपुन्हा निरीक्षण करतात आणि त्यावरून प्रत्येक तबकडीची कलाच्युती काढून ती गणिताने वजा करतात.

वेबच्या आरशात खंड हलवावे लागले. खोडदला तबकडी जागीच राहते, सुधारणा संकेतात होते. २००२ पासून जगभरच्या संशोधकांना खुल्या झालेल्या या दुर्बिणीचा पाया केवळ पोलादाचा नाही. अंतर मोजण्याच्या त्या जुन्या विचाराचाही आहे.